ऑर्व्हल स्टफलबीनची नजर

टर्कीच्या शिकारीला जाताना खिशात लाल रुमाल न्यायचा नसतो. मिसूरीच्या डोंगरात ही गोष्ट कुणाला शिकवावी लागत नाही. लीलंड प्रुइटला तर ती चाळीस वर्षं ठाऊक होती, आणि दुसऱ्यांना सांगून सांगून त्याने त्यांना वात आणला होता. तरीही हंगामाच्या दुसऱ्याच दिवशी, एप्रिलमधल्या एका गारठलेल्या पहाटे, तो लाल रुमाल खिशात घालून जंगलात गेला. बायकोची झोप मोडू नये म्हणून दिवा न लावता खणात हात घातला, हाताला जे मऊ लागलं ते खिशात कोंबलं आणि निघाला.

नर टर्की वसंतात माद्यांच्या मागे लागला की त्याचं बोडकं डोकं लाल, पांढरं आणि निळं होतं. त्यामुळे देशाच्या झेंड्याचे हेच तीन रंग वर्षभर टोपीवर, गाडीवर आणि अंगणातल्या खांबावर मिरवणारी ही माणसं हंगामाच्या तीन आठवड्यांत त्यांतला एक धागाही अंगावर ठेवत नाहीत. मोजेसुद्धा उलटेसुलटे करून तपासतात. सगळं अंग पाल्याच्या रंगाचं, तोंडावर जाळीचा बुरखा, हातात बंदूक, आणि मादीचा आवाज काढत झाडाखाली बसायचं. जंगलात अशी दहा माणसं बसलेली असली, तर कोण टर्की आणि कोण शेजारी हे ओळखायला रंगाशिवाय दुसरं काय उरतं?

घडलं ते असं. त्याचा शिकारीतला जुना सोबती ऑर्व्हल स्टफलबीन एका जाड ओकच्या बुंध्याला पाठ टेकून बसला होता आणि लीलंड त्याच्या मागे दुसऱ्या झाडाला. सत्तरीच्या माणसाने दोन कप कॉफी पिऊन गारठ्यात बसल्यावर जे व्हायचं तेच झालं. लीलंड चोरपावलांनी उठला आणि झुडपांच्या आड गेला. परत येताना दिशेचा घोळ झाला, आणि मागून यायचा तो ऑर्व्हलच्या बरोबर समोर, चाळीस पावलांवर उगवला. तेवढ्यात ओकच्या फुलोऱ्याची पिवळी धूळ नाकात गेली. शिंक दाबायला त्याने रुमाल तोंडाशी नेला. दाबलेली शिंक आतल्या आत घुसमटून जी बाहेर पडली, ती एखाद्या दमेकरी टर्कीची म्हणून सहज खपली असती.

रुमालावरून त्याने पाहिलं, तर ऑर्व्हलच्या बंदुकीची नळी त्याच्याकडे वळलेली होती.

अशा वेळी काय करायचं याचाही नियम आहे. जागचं हलायचं नाही आणि मोठ्याने बोलायचं, काहीही बोलायचं, कारण टर्की इंग्रजी बोलत नाही. हात तर अजिबात हलवायचा नाही.

लीलंडच्या तोंडातून शब्द फुटला नाही. त्याने हात हलवला. तोही रुमालाचा.

नळी तशीच राहिली. एक श्वास. दोन. तीन. मग ती सावकाश खाली आली.

"ये. बस," ऑर्व्हल म्हणाला.

एवढंच. त्याने चार सणसणीत शिव्या हासडल्या असत्या, तर लीलंड सुखाने घरी जाऊन जेवला असता. पण ऑर्व्हल काहीच बोलला नाही. परतीच्या वाटेवर नाही, गाडीत नाही, दाराशी उतरतानाही नाही. आणि तेव्हापासून लीलंडच्या पोटात एक प्रश्न खडा होऊन बसला. त्या तीन श्वासांत ऑर्व्हलला समोर काय दिसत होतं? माणूस, की पक्षी?

हा प्रश्न नुसता लीलंडच्या जिवाचा असता तर त्याने तो गिळून टाकला असता. पण हंगाम सुरू व्हायच्या आठवडाभर आधी ऑर्व्हलच्या मुलीचा, जोलीनचा, शहरातून फोन आला होता.

"लीलंडकाका, खरं सांगा. बाबांना नीट दिसतं का?"

"अगं, तुझ्या बापाला डोंगरापलीकडची मुंगी दिसते," लीलंड थाटात म्हणाला होता.

"मला पत्ता वाचता येत नाही त्यांच्या पत्रावरचा. पूर्वी काय सुंदर अक्षर होतं! डॉक्टरांकडे न्यायचं म्हटलं की यांची गुरं सुटतात नेमकी. हे बघा, तुम्ही त्यांच्याबरोबर जंगलात असता, मी नसते. तुमचा शब्द मी मानीन. हंगाम संपला की मला फोन करा. काळजीचं कारण नाही म्हणालात, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. आहे म्हणालात, तर त्याच दिवशी येते आणि बंदुका गाडीत घालून घेऊन जाते. त्यांना वाईट वाटेल. पण उद्या त्यांच्या हातून कुणी मेलं, तर ते स्वतः किती दिवस जगतील, सांगा."

लीलंडने शब्द दिला. तेव्हा तो फार स्वस्त वाटला होता.

ऑर्व्हल तेव्हा ब्याऐंशी वर्षांचा होता. उंच, वाळलेला, आणि बोलण्याच्या बाबतीत इतका चिक्कू की त्याची बायको मॅव्हिस म्हणायची, "लग्नात पाद्रीबाबांना 'हो' म्हणाला, तेच याचं सगळ्यात लांब भाषण." आयुष्याची एक्केचाळीस वर्षं त्याने नदीकाठच्या गिरणीत काढली. तिथे पांढऱ्या ओकच्या फळ्या चिरायचे आणि त्यांची व्हिस्कीची पिंपं व्हायची. ऑर्व्हलचं काम फळ्या निवडायचं. पट्ट्यावरून फळी समोर आली की तो एकदाच बघायचा. किड्याने टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडलेलं असलं तरी फळी बाजूला. त्याने पसंत केलेल्या फळीचं पिंप कधी गळलं नाही, असं गिरणीतली माणसं अजून सांगतात. स्वतः ऑर्व्हल मात्र दारूला शिवत नसे. पंचक्रोशीतल्या, दारू पाप मानणाऱ्या बाप्टिस्ट माणसांत इतकी व्हिस्की सांभाळलेला दुसरा कुणी नसेल.

लीलंडला शिकार शिकवली ती ऑर्व्हलनेच. लीलंड तेव्हा तिशीचा होता, शाळेची बस चालवायचा आणि तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. पहिले दोन हंगाम ऑर्व्हलने त्याला बंदूकच आणू दिली नाही. "आधी बसायला शीक," म्हणाला. तिसऱ्या हंगामात तो बसायला शिकला, आणि गप्प बसायला अजून शिकतो आहे. ऑर्व्हलच्या खिशात दगडी पाटीचा एक गोल तुकडा असे आणि एक लाकडी काडी. काडी पाटीवर अशी काही घासायचा की मादी लाडात येऊन कुणाला तरी हाक मारते आहे असं वाटावं. त्या आवाजावर भाळून डोंगराच्या दोन सोंडा ओलांडून आलेले नर लीलंडने पाहिले होते. मॅव्हिस गेली त्या वसंतातही ऑर्व्हल जंगलात गेला, पण पाटी खिशातून काढली नाही. दुपारी एकला, कायद्याने शिकार थांबवायची त्या वेळेला, उठला आणि घरी आला.

तर या माणसाच्या हातून बंदूक काढून घ्यायची की नाही, हे लीलंडने ठरवायचं होतं. लीलंडने. ज्याला घरी रात्रीच्या जेवणाला काय करायचं हेही कुणी विचारत नसे.

त्याने वेंडल मॅडॉक्सला विश्वासात घेतलं. वेंडल हा तिघांतला तिसरा. गावात त्याचं गॅरेज होतं, आणि पहाटे घुबडाचा आवाज काढायचं काम शिकारीत त्याच्याकडे असे. घुबड बोललं की झाडावर झोपलेला नर टर्की चिडून ओरडतो आणि त्याचा ठिकाणा कळतो. वेंडलचं घुबड इतकं हुबेहूब होतं की खरी घुबडं त्याच्याशी भांडायला येत.

"दोन वर्षं त्याची गाडी शेडमध्ये उभी आहे," गाडीखालून वेंडलचा आवाज आला. "क्लच गेलाय म्हणतो."

"गेलाच असेल."

"मी बघितला क्लच. नवाकोरा आहे." वेंडल गाडीखालून बाहेर सरकला. "मी काही बोललो नाही. म्हटलं, म्हाताऱ्याला क्लचच्या नावाखाली बसायचंय तर बसू दे."

"अरे, मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगणं आणि चर्चच्या फळ्यावर लिहिणं यात फरक काय रे?"

लीलंडने अपमान गिळला, कारण काळजी मोठी होती. मग दोघांनी मिळून ऑर्व्हलची परीक्षा घ्यायचं ठरवलं. त्याला न कळता.

पहिली परीक्षा कॅफेत झाली. वेंडलने जेवणाचं कार्ड ऑर्व्हलपुढे उलटं ठेवलं. ऑर्व्हलने ते न उघडता बाजूला सारलं आणि मऊ पावासारखी बिस्किटं आणि त्यांवर पांढरी ग्रेव्ही मागवली. गेली तीस वर्षं तो तेच मागवत आला होता. निकाल काहीच नाही. दुसऱ्या दिवशी वेंडल रस्त्याच्या पलीकडून, अवाक्षर न बोलता, नुसता चालत गेला. ऑर्व्हल बाकावरून म्हणाला, "गुडघा दुखतोय वाटतं, वेंडल." आता हे त्याने तोंड बघून ओळखलं, की फरफटणारा पाय ऐकून? दोघे भांडत बसले.

तिसरी परीक्षा अळंब्यांची. टर्कीच्या हंगामातच त्या डोंगरात मोरेल नावाची अळंबी उगवते. मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार, वाळक्या पानांच्या रंगाची, चांगल्या डोळ्यांनाही चकवणारी. पिठात घोळवून लोण्यात तळली की माणूस वैरसुद्धा विसरतो. शिकारीची वेळ संपल्यावर लीलंड एके दुपारी ऑर्व्हलला घेऊन ओढ्याकाठी गेला.

"तू त्या बाजूने, मी या बाजूने," लीलंड म्हणाला, आणि आपली अळंबी शोधायची सोडून ऑर्व्हलकडे बघत राहिला.

ऑर्व्हल सरळ एका मेलेल्या एल्मच्या झाडाकडे गेला, गुडघ्यांवर बसला आणि पानं हाताने चाचपू लागला. अर्ध्या तासात त्याने सव्वीस काढली. लीलंडला मिळाली चार, त्यांतलं एक अक्रोडाचं टरफल निघालं.

लीलंडचा जीव भांड्यात पडला. पडतो न पडतो तोच त्याला दिसलं, की ऑर्व्हलच्या बुटाच्या पुढ्यात, उघड्यावर, मुठीएवढं मोरेल उभं आहे. ऑर्व्हलने ते ओलांडलं आणि पुढे गेला. लीलंडने ते मागच्या मागे उचललं आणि गुपचूप ऑर्व्हलच्या पिशवीत टाकलं. का टाकलं ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

"काय टाकलंस?" ऑर्व्हलने न वळता विचारलं.

"काही नाही. पान."

"बरं."

त्या दिवसापासून लीलंडचं जेवण उडालं. जोलीनला काय सांगायचं? 'काळजीचं कारण आहे' म्हटलं तर ऑर्व्हलचा वसंत आपल्या जिभेने संपवायचा. 'नाही' म्हटलं आणि पुढच्या वर्षी जंगलात एखाद्याने शिंक दाबली तर? त्याने बायकोला विचारलं. ती म्हणाली, "त्यालाच विचार ना." बायकांना सगळं सोपं वाटतं. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला, ज्याने आपल्याला बसायला शिकवलं त्याला, 'तुला दिसतं का रे?' असं विचारायचं? त्यापेक्षा टर्कीच्या वेषात पुन्हा त्याच्यासमोर उभं राहणं परवडलं.

हंगामाचा शेवटचा शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी जोलीनला फोन करायचा होता.

लीलंडने त्या पहाटे मोजे दोनदा तपासले, खिसे उलटे केले, कॉफी प्यायलीच नाही. गाडीत वेंडल म्हणाला, "मी पलीकडच्या घळीत बसतो. तुम्ही दोघे सोंडेवर बसा."

"आणि तिथून हलू नकोस," लीलंड म्हणाला. "काही झालं तरी हलू नकोस. शपथ घे."

"अरे, पक्षी दिसला तर?"

"पक्षी गेला खड्ड्यात!"

ऑर्व्हल पुढच्या सीटवर बसून काचेबाहेर बघत होता. 

सोंडेवर एका जुन्या ओकला दोघे खांद्याला खांदा लावून बसले. या वेळी लीलंड मागे गेला नाही, पुढे तर नाहीच नाही. आपण त्याच्या बाजूला असलो म्हणजे निदान आपण तरी समोर नाही, एवढा हिशेब त्याने केला होता. मग लक्षात आलं की वेंडल समोर आहे. खाली घळीत, पण समोरच. आणि वेंडलच्या शपथेवर वेंडलच्या आईनेही कधी विश्वास ठेवला नव्हता.

उजाडू लागलं. खालून वेंडलचं घुबड बोललं, आणि लगेच डाव्या अंगाने, गळ्यात गोट्या खुळखुळाव्यात तसा, नर ओरडला. ऑर्व्हलने मान त्या दिशेला इतकी अचूक वळवली की लीलंडला वाटलं, आपण उगाच काळजी करतो. ऑर्व्हलने पाटी काढली. काडी हलकेच घासली. मादीने जांभई देत 'कोण आहे?' विचारावं तसा आवाज आला. नर पुन्हा ओरडला, जवळून. ऑर्व्हल थांबला. पाटी खिशात घातली, बंदूक गुडघ्यावर टेकवली आणि गप्प झाला. फार हाका मारणारीकडे नर येत नाहीत असं त्याचं मत होतं.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. काही नाही. नर गप्प. हे सगळ्यात वाईट. गप्प झालेला नर एक तर निघून गेलेला असतो, नाहीतर येत असतो. आणि वेंडललाही हे ठाऊक असतं, म्हणून तो अशा वेळी शपथ विसरून पुढे सरकतो.

पांढऱ्या फुलांनी लगडलेल्या डॉगवूडमागे काहीतरी काळं हललं.

ऑर्व्हलच्या बंदुकीचा सुरक्षा-खटका सुटल्याचा बारीक आवाज लीलंडने ऐकला. कानाशीच ऐकला.  काळं पुन्हा हललं. वेंडलचं जाकीट काळपट होतं का? पाल्याचं होतं. पण त्याच्या विजारीला मागे तेलाचे डाग होते, गॅरेजचे, चांगले परातीएवढे. आणि वेंडल वाकला की बघणाऱ्याला फक्त तेच दिसायचे! लीलंडने ओरडायला तोंड उघडलं. ओरडावं? पक्षी असला तर ऑर्व्हलचा कदाचित शेवटचा पक्षी आपण उडवला. न ओरडावं? तर...

फुलांच्या आडून नर बाहेर आला.

पूर्ण पिसारा फुलवलेला, पंखांची टोकं जमिनीवर घासत, तांब्याच्या हंड्यासारखा चमकणारा. डोकं पांढरंफेक, गळा लाल, छातीवर वीतभर केसांची झुबकेदार दाढी लोंबत होती. तीस पावलं. पंचवीस. लीलंडने चाळीस वर्षांत असा नर चार वेळा पाहिला असेल. ऑर्व्हलच्या बंदुकीची नळी थेट त्याच्यावर होती, तसूभरही हलत नव्हती.

मार, लीलंड मनात म्हणाला. आता मार. त्याच्या ओठांवर शब्द आलाही होता. नुसतं कुजबुजायचं होतं: 'टर्कीच आहे, ऑर्व्हल.' पण तसं म्हटलं की डोळे आपले आणि बोट त्याचं. मग उद्या जोलीनला कुणाच्या नजरेबद्दल सांगणार? आणि आजन्म त्याच्या खांद्याला खांदा लावून कोण बसणार? लीलंडने ओठ दाताखाली धरले. आयुष्यात पहिल्यांदा, वेळ आली तेव्हा, तो गप्प बसला.

नर थांबला. मान वर काढली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मादी कुठेच नाही हे त्याच्या ध्यानात आलं असावं. पिसारा मिटला. तो वळला, आणि कुणी उगाच हाक मारून फसवल्यासारखा, मान झटकत उताराने निघून गेला. वाळक्या पानांवर त्याच्या पावलांची चरचर बराच वेळ येत राहिली. मग तीही थांबली.

ऑर्व्हलने खटका पुन्हा लावला. बंदूक मांडीवर आडवी ठेवली. बुरखा वर केला आणि तळहाताने डोळे चोळले, आधी एक, मग दुसरा.

खालच्या घळीतून वेंडलचा खोकला ऐकू आला. तो होता तिथेच होता.

लीलंडला राहवेना.  "अरे, पंचवीस पावलांवर होता! पंचवीस! नळी त्याच्यावर होती, खटका सोडलेला होता. एवढा नर या डोंगरात पुन्हा यायचा नाही. ऑर्व्हल, बाबा रे, झाडली का नाहीस गोळी?"

ऑर्व्हलने त्याच्याकडे मान वळवली.

"ऐकू आला नुसता, आणि ऐकू आलेल्यावर मी गोळी झाडत नाही."